एकाच नावाचे दोन धनी

वर्गात दोन सुनीता असल्या तर पहिल्याच आठवड्यात त्यावर तोडगा निघतो. एक सुनीता पाटील होते, दुसरी सुनीता कदम. आडनावेही जुळली तर वडिलांचे नाव मदतीला येते. नाव पुकारल्यावर दोघी उभ्या राहतात, गोंधळ सर्वांना दिसतो, आणि दिसतो म्हणून तो मिटवलाही जातो. जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत मात्र दीर्घकाळ वेगळाच न्याय होता. तिथे दुसरी सुनीता वर्गात आली की हजेरीपटावरचे पहिलीचे नाव न बोलता खोडले जाई. यापुढे ‘सुनीता’ अशी हाक मारली की दुसरीच ‘हजर’ म्हणणार. पहिलीचे काय झाले, हे कोणी विचारत नसे.

उदाहरण घेऊन पाहू. समजा, एका शाळेच्या वेबपानावर दोन तयार तुकडे बसवले आहेत, एक प्रश्नमंजूषेचा आणि दुसरा प्रवेशअर्जाचा. ते लिहिणाऱ्या दोघांची कधी गाठही पडलेली नाही. पहिल्याने आपल्या तुकड्यात ‘तपासा’ नावाचे फंक्शन लिहिले आहे. (फंक्शन म्हणजे नाव दिलेला आज्ञांचा गट; नाव घेतले की त्या आज्ञा क्रमाने पाळल्या जातात.) उत्तर बरोबर आहे की चूक, ते हे फंक्शन पाहते. दुसऱ्यानेही ‘तपासा’ याच नावाचे फंक्शन लिहिले आहे, पण ते दूरध्वनी क्रमांकात दहा आकडे आहेत की नाहीत ते पाहते. अर्जाचा तुकडा पानावर नंतर आला, तर महाराष्ट्राच्या राजधानीचे नाव ‘मुंबई’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला संगणक सांगतो की तुमचा क्रमांक अपुरा आहे. १९९९ सालच्या प्रमाणित आवृत्तीपासून या भाषेत देवनागरी नावेही चालतात, तेव्हा उदाहरण वाटते तितके काल्पनिक नाही.

मूळ आज्ञावलीला बाहेरून जोडायच्या अशा तुकड्यांना प्लग-इन म्हणतात. ते लिहिणारे बहुधा मूळ आज्ञावलीचे कर्ते नसतात, तिचे वापरकर्तेच असतात. कोणी विद्यार्थी, कोणी हौशी, कोणी आपली गरज भागवण्यापुरते चार ओळी लिहून बाजूला होणारा. एकमेकांना न ओळखणाऱ्या अशा हजारो माणसांनी एकाच जागी लिहायचे आणि तरीही कोणी कोणाच्या पायावर पाय द्यायचा नाही, हे कसे साधावे? या प्रश्नाला आता तीस वर्षांचा इतिहास आहे. त्यात भाषेच्या व्याकरणापेक्षा माणसांनी आपापसांत पाडलेल्या रीतींचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

दहा दिवसांची भाषा

१९९५ साली नेटस्केप या कॅलिफोर्नियातील कंपनीचा ब्राउझर जगभर गाजत होता. त्या वर्षीच्या मे महिन्यात ब्रेंडन आइक यांनी तिथे अवघ्या दहा दिवसांत एका छोट्या भाषेचा पहिला नमुना तयार केला. तिचे नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि डिसेंबर १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट असे झाले. सन मायक्रोसिस्टिम्सच्या जावा भाषेची तेव्हा चलती होती, म्हणून हे नाव. दोन्ही भाषांचे नाते वरवरचेच आहे. मोठी कामे व्यावसायिकांनी जावात करावीत आणि वेबपाने रचणाऱ्यांनी किरकोळ कामे या छोट्या भाषेत उरकावीत, अशी कल्पना होती. बटण दाबले की चित्र बदलावे, रिकामा अर्ज पुढे जाऊ नये, इतकीच अपेक्षा. एक पान, एक लेखक, दहावीस ओळी.

अशा कामासाठी नावांची व्यवस्था साधी ठेवली होती. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे अनेक असली तरी चौक एकच असतो, तसा प्रत्येक वेबपानाला एकच सामायिक चौक. पानाशी जोडलेल्या सगळ्या फाइलींतली वरच्या पातळीवरची नावे याच चौकात येतात. एका नावाला एकच खुंटी. तिच्यावर नंतर जो टांगेल त्याची वस्तू राहते. त्यात आणखी एक सवलत दिलेली होती. एखाद्या चलाची रीतसर घोषणा करायला लेखक विसरला तर भाषा त्याला अडवत नसे. ते नाव ती आपणहून चौकात नेऊन ठेवी. नवशिक्याचे काम अडू नये हा हेतू.

आइक यांना आज नावे ठेवणे सोपे आहे. पण एकाच लेखकाच्या दहावीस ओळींसाठी हा निर्णय वाजवी होता. अडचण झाली ती भाषा जगभर पसरल्यामुळे. जून १९९७ मध्ये एक्मा या संस्थेने भाषेचे पहिले प्रमाण प्रसिद्ध केले, तोवर त्या चौकावर विसंबून असलेली असंख्य पाने लिहून झाली होती. भाषेचा नियम बदलावा तर ती सारी पाने बंद पडणार. बंद पडलेले पान कोण दुरुस्त करणार? ज्याने लिहिले तो नोकरी बदलून गेलेला, ज्याच्यासाठी लिहिले त्याला भाषा येत नाही. छापलेले पुस्तक जसे व्याकरणाचे नियम बदलले तरी वाचता येते, तशी वेबवरची पाने वाचता आली पाहिजेत, हे बंधन प्रमाणभाषा ठरवणाऱ्यांनी तेव्हापासून मानले आहे. पुढचे सगळे उपाय या बंधनाच्या आत राहूनच शोधावे लागले.

डॉलरच्या चिन्हावरून

पहिली गाजलेली टक्कर एका चिन्हावरून झाली. जावास्क्रिप्टमध्ये नावात अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांच्याबरोबर डॉलरचे चिन्हही चालते. १९९७ च्या प्रमाणात तर असे म्हटले होते की हे चिन्ह फक्त यंत्राने तयार केलेल्या आज्ञावलीसाठी आहे. माणसांनी ते वापरू नये असा अर्थ. पण ते छोटे होते, ठसठशीत होते आणि रिकामे पडले होते. २००५ साली सॅम स्टीफन्सन यांनी ‘प्रोटोटाइप’ नावाचा आज्ञासंग्रह प्रसिद्ध केला. पानावरचा एखादा घटक त्याच्या ओळखनावाने शोधण्यासाठी ब्राउझरने दिलेल्या फंक्शनचे नाव फारच लांबलचक होते. स्टीफन्सन यांनी त्याऐवजी नुसते ‘$’ हे एका चिन्हाचे फंक्शन दिले. २००६ च्या जानेवारीत जॉन रेसिग यांनी ‘जेक्वेरी’ हा दुसरा आज्ञासंग्रह लोकांपुढे ठेवला. त्याचाही दरवाजा तोच, ‘$’.

दोन्ही संग्रह लोकप्रिय झाले, आणि दोन्हींवर आधारलेले प्लग-इन एकाच पानावर येऊ लागले. एका प्लग-इनने ‘$’ म्हणून हाक मारावी आणि परक्यानेच ओ द्यावी, असे प्रकार घडू लागले. रेसिग यांचा तोडगा मला आजही शहाणपणाचा वाटतो. जेक्वेरी पानावर येते तेव्हा ‘$’ या खुंटीवर आधी काही टांगलेले आहे का ते पाहते आणि असल्यास ती वस्तू आपल्या खिशात जपून ठेवते. मग ‘नोकॉन्फ्लिक्ट’ ही आज्ञा दिली की ती वस्तू काढून पुन्हा खुंटीवर टांगते, आणि स्वतः ‘जेक्वेरी’ या पूर्ण नावावर समाधान मानते. नियम करायला कोणी अधिकारी नव्हता. तरीही नंतर आलेल्याने आधीच्याची जागा परत देण्याची सोय ठेवली.

पूर्ण नावाने लिहायचे तर प्रत्येक ओळ लांबते, आणि प्लग-इन लिहिणाऱ्यांना ‘$’ सोडवत नव्हता. इथे भाषेचाच एक जुना गुण कामी आला. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनच्या आत घोषित केलेली नावे बाहेर दिसत नाहीत. चौक सामायिक असला तरी प्रत्येक फंक्शन ही चार भिंतींची खोली आहे. तेव्हा आपला सगळा तुकडा एका बिननावाच्या फंक्शनमध्ये ठेवायचा, ते फंक्शन तिथल्या तिथे एकदा चालवायचे, आणि चालवताना ‘जेक्वेरी’ ही वस्तू आत पाठवायची. आत तिला ‘$’ म्हणायला कोणाची हरकत नाही. बाहेर त्या चिन्हाचा मालक कोणी का असेना. ही युक्ती अनेक वर्षे वापरात होती. बेन अल्मन यांनी २०१० साली तिचे ‘तात्काळ आवाहित फंक्शन’ अशा अर्थाचे बारसे केले. रीत आधी, नाव मागाहून.

याच काळात डग्लस क्रॉकफर्ड हे याहू कंपनीत असताना सामायिक नावांच्या विरोधात जाहीरपणे बोलत आणि लिहीत होते. जावास्क्रिप्टमधील चांगल्या भागांवरच्या त्यांच्या २००८ सालच्या छोट्या पुस्तकात वाईट भागांची यादीही आहे, आणि तिची सुरुवात सामायिक चलांपासून होते. याहूने २००६ मध्ये खुल्या केलेल्या आपल्या आज्ञासंग्रहात चौकातली फक्त एक खुंटी घेतली होती, ‘याहू’ या नावाची. बाकी सर्व नावे तिच्या खाली, आडनावामागून नाव यावे तशी लावलेली. ‘तपासा’ हे नाव हजारांना सुचेल. ‘याहू’च्या घरातले ‘तपासा’ एकच. अशा घराला नेमस्पेस म्हणतात, म्हणजे नावांचे स्वतंत्र क्षेत्र.

जीवशास्त्राच्या शिक्षकांना ही कल्पना नवी नाही. ‘मोरस’ हे तुतीच्या प्रजातीचे नाव आहे, आणि गॅनेट या समुद्रपक्ष्याच्या प्रजातीचेही तेच नाव आहे. गोंधळ होत नाही, कारण वनस्पतींची आणि प्राण्यांची नामसंहिता वेगवेगळी आहे. प्राण्यांच्या क्षेत्रात दुसऱ्या कोणाला ‘मोरस’ घेता येणार नाही, एवढेच.

जेक्वेरीच्या प्लग-इनांनीही हळूहळू आपली शिस्त बसवली. एका प्लग-इनने एकच नाव घ्यावे, हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम अनुभवातून आला. समजा दोन प्लग-इन एकाच बटणावर कान लावून बसले आहेत. पहिल्याचे काम संपले आणि त्याने ‘या बटणावरचे सगळे कान काढा’ अशी आज्ञा दिली, तर दुसराही बहिरा होतो. २००७ सालच्या १.२ या आवृत्तीत प्रत्येक कानाला मालकाचे नाव जोडण्याची सोय झाली, आणि ज्याने त्याने आपलाच कान काढावा असा संकेत पडला.

भिंती पुरत नाहीत तेव्हा

येथवरची टक्कर नकळत होणारी होती. दोघांना एकच नाव सुचले, इतकेच. ती टाळायला भिंत पुरते. पण काही प्लग-इनांचा उद्देशच मुळी चौकातली वस्तू बदलण्याचा असतो. तिथे भिंतीचा काय उपयोग?

याचे उत्तम उदाहरण जपानमधल्या ‘आरपीजी मेकर’ या मालिकेत मिळते. ज्यांना संगणकाची भाषा येत नाही त्यांनाही कथा आणि पात्रे असलेला खेळ स्वतः तयार करता यावा, म्हणून १९९२ पासून ही मालिका चालू आहे. २०१५ साली आलेल्या ‘एमव्ही’ आवृत्तीत खेळाचे सारे इंजिन जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले होते, आणि वापरकर्त्यांनी लिहिलेले प्लग-इन एका यादीत क्रमाने लावायची सोय होती. यादी वरून खाली वाचली जाते. लोकांनी उत्साहाने प्लग-इन लिहिले. एखादा मुलगा दोनतीन वर्षे खपून आपला खेळ बांधतो. त्यात पंचवीसतीस जणांचे प्लग-इन असतात. एक नवा जोडला की लढाईचे दृश्य बंद पडते, आणि दोष कोणाचा हे सांगायला कोणी जाग्यावर नसते.

असे का होते? समजा, खेळाचा मेनू तयार करणारे एक फंक्शन आहे. पहिल्या प्लग-इनला त्यात ‘नकाशा’ हा पर्याय घालायचा आहे, दुसऱ्याला ‘रोजनिशी’. सोपा मार्ग असा की मूळ फंक्शन उतरवून घ्यायचे, त्यात आपली ओळ वाढवायची आणि ते मूळच्या जागी ठेवायचे. दोघांनी असे केले की यादीत खाली असलेला जिंकतो. त्याच्या प्रतीत ‘रोजनिशी’ आहे, पण ‘नकाशा’ नाही, कारण त्याने प्रत मूळ फंक्शनवरून काढली होती. शिक्षककक्षातल्या सूचनावहीत प्रत्येकाने आदल्याचे पान फाडून स्वतःचे पान चिकटवावे, तसे हे झाले.

जाणत्या लेखकांनी दुसरी रीत पाडली. आधीचे फंक्शन फेकायचे नाही. ते दुसऱ्या नावाने जपून ठेवायचे. नव्या फंक्शनने आधी त्या जपलेल्याला बोलवायचे आणि मग फक्त आपली भर घालायची. अशाने साखळी तयार होते. दुसरा पहिल्याला बोलावतो, पहिला मूळ फंक्शनला, आणि मेनूत दोन्ही पर्याय येतात. मूळ फंक्शन पुढच्या आवृत्तीत सुधारले गेले तरी साखळी टिकते.

मात्र या रीतीतही एक खड्डा होता, आणि तो इतका सुंदर आहे की त्याच्याजवळ थोडे थांबलेच पाहिजे. कागदाच्या चिठ्ठ्या करून तो वर्गातही दाखवता येईल. समजा, दोन्ही प्लग-इनांनी जपून ठेवण्यासाठी चौकातले एकच नाव वापरले, ‘जुने’. पहिल्याने मूळ फंक्शन ‘जुने’ मध्ये ठेवले आणि आपले नवे फंक्शन लिहिले: ‘जुने’ला बोलाव, मग नकाशा घाल. त्यानंतर दुसरा आला. त्याच्या वेळी मेनूच्या खुंटीवर पहिल्याचे फंक्शन होते. त्याने ते ‘जुने’ मध्ये ठेवले; आधी तिथे असलेले मूळ फंक्शन पुसले गेले. मग त्यानेही लिहिले: ‘जुने’ला बोलाव, मग रोजनिशी घाल. आता खेळाडू मेनू उघडतो. दुसऱ्याचे फंक्शन चालू होते आणि ‘जुने’ला बोलावते, म्हणजे पहिल्याला. पहिलाही ‘जुने’ला बोलावतो. पण ‘जुने’ मध्ये आता तो स्वतःच आहे! तो स्वतःला बोलावतो, तो पुन्हा स्वतःला, आणि हे चालूच राहते. प्रत्येक हाकेची नोंद संगणकाला ठेवावी लागते. नोंदींचा ढीग मर्यादेबाहेर गेला की खेळ थांबतो. दोघांपैकी एकाच्याही आज्ञावलीत चूक नाही. एकेकटे दोन्ही प्लग-इन उत्तम चालतात.

म्हणून भिंत आणि साखळी या दोन्ही रीती एकत्र वापराव्या लागल्या: तुकडा स्वतःच्या खोलीत, ‘जुने’ त्या खोलीच्या आत, किंवा निदान त्याच्या नावाआधी लेखकाचे नाव. याखेरीज अनेक लेखकांनी मिळून चौकात एक सामायिक नोंदवही ठेवली. प्रत्येक प्लग-इनची पहिली ओळ अशा अर्थाची असे: नोंदवही असेल तर तीच घे, नसेल तर नवी कर. मग त्यात तो आपले नाव लिही. त्यामुळे ‘अमुक प्लग-इन आधी आलेला असेल तरच मी पुढचे काम करीन’ असे लिहिणे शक्य झाले. २०२० साली आलेल्या ‘एमझेड’ आवृत्तीत आपण कोणत्या प्लग-इनवर अवलंबून आहोत आणि कोणाच्या नंतर यायचे, हे फाइलीच्या मथळ्यातच लिहिण्याची अधिकृत सोय झाली. वापरकर्त्यांची वहिवाट कंपनीने नियम म्हणून स्वीकारली, असेच याकडे पाहावे लागेल.

असाच एक प्रकार आपल्या ओळखीच्या जागी झाला आहे. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या आज्ञावलीवर चालतो, तिच्यात कोणाही नोंदणीकृत सदस्याला आपल्यापुरती जावास्क्रिप्ट लिहून संपादनाची साधने तयार करता येतात. मराठी विकिपीडियाही त्याच आज्ञावलीवर चालतो. तिथे पानाचे नाव, सदस्याचे नाव अशी माहिती पूर्वी चौकात डझनावारी सुट्या चलांमध्ये पडलेली असे. २०११ च्या १.१७ या आवृत्तीत ती सगळी एका नावाखाली नेली गेली. परंतु सदस्यांच्या जुन्या तुकड्यांचा भार सुट्या चलांवरच होता, त्यामुळे ‘वापरू नका’ असे जाहीर करूनही ती अनेक वर्षे चालू ठेवावी लागली.

भाषा शेवटी जागी होते

जानेवारी २००९ मध्ये केव्हिन डँगूर यांनी ब्राउझरबाहेरच्या जावास्क्रिप्टला काय हवे याची एक मागणी मांडली, आणि तिच्याभोवती जमलेल्या लोकांनी मॉड्यूलची एक पद्धत ठरवली. तिला पुढे ‘कॉमनजेएस’ म्हटले गेले. प्रत्येक फाइल म्हणजे बंद खोली. बाहेर काय द्यायचे ते ती फाइल सांगणार, आणि घेणारा त्याला आपल्या खोलीत हवे ते नाव देणार. त्याच वर्षी रायन डाल यांनी पुढे आणलेल्या ‘नोड’ने ही पद्धत उचलली. जून २०१५ मधील भाषेच्या सहाव्या आवृत्तीत मॉड्यूल व्याकरणाचाच भाग झाले, आणि २०१७-१८ च्या सुमारास प्रमुख ब्राउझरांना ते समजू लागले. त्याच आवृत्तीत चलांची घोषणा करण्याचे नवे शब्दही आले. त्यांनी चौकात एकच नाव दोनदा घोषित केले तर भाषा आता उघड चूक दाखवते. दुसरी सुनीता आली की निदान आरडाओरडा तरी होतो. याला वीस वर्षे लागली.

यानंतर टक्कर संपली का? ती जागा बदलून बसली. मॉड्यूल जिथून आणायचे त्या ‘एनपीएम’ या भांडारात प्रत्येक संचाला एक नाव लागते, आणि तिथेही आधी येईल त्याला नाव असा नियम होता. मार्च २०१६ मध्ये अझर कोचुलू या लेखकाच्या ‘किक’ नावाच्या संचावर त्याच नावाच्या कॅनडातील कंपनीने हक्क सांगितला. भांडाराने नाव कंपनीच्या बाजूने दिले. कोचुलू यांनी निषेध म्हणून आपले अडीचशेहून अधिक संच काढून घेतले. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या अकरा ओळींचा एक संच होता. एखाद्या मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायच्या, एवढेच त्याचे काम. पण मोठमोठी साधने कोणाच्या ना कोणाच्या मार्फत त्यावर अवलंबून होती. जगभरच्या प्रकल्पांची बांधणी थांबली. सुमारे दोन तासांत भांडाराने तो संच परत आणला आणि प्रसिद्ध केलेले संच मागे घेण्यावर पुढे निर्बंध घातले.

मॉड्यूलच्या भिंतीलाही न जुमानणारी एक जागा मात्र शिल्लक होती. भाषेच्या स्वतःच्या वस्तू सगळ्या खोल्यांत सारख्याच असतात. यादी ही अशीच एक मूलभूत वस्तू, आणि जावास्क्रिप्ट कोणालाही यादीच्या मूळ साच्यात नवे गुण घालू देते. २००६ साली व्हॅलेरिओ प्रोइएत्ती यांनी काढलेल्या ‘मूटूल्स’ या आज्ञासंग्रहाने यादीच्या साच्यात बरेच सोयीचे गुण घातले होते. त्यांतला एक होता ‘फ्लॅटन’: यादीच्या आत यादी असेल तर ती सोडवून सपाट करायची. तेव्हा भाषेत असा गुण नव्हता, त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. काही वर्षांनी हा गुण भाषेतच हवा असे समितीला वाटले, आणि साहजिकच तिने तेच नाव सुचवले. मार्च २०१८ च्या सुमारास फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत तो घातल्यावर एक लोकप्रिय संकेतस्थळ मोडल्याचे लक्षात आले.

कारण सूक्ष्म आहे. मूटूल्स आपला ‘फ्लॅटन’ भाषेच्या ‘फ्लॅटन’वर लिहीतच होते, तेव्हा वरकरणी काही बिघडायला नको. परंतु भाषेचे अंगभूत गुण मोजणीत येत नाहीत, म्हणजे ‘तुझ्याकडचे सगळे गुण एकेक करून सांग’ म्हटले तर ते वगळले जातात. जुन्या गुणाच्या जागी नवा लिहिला तरी हा ‘मोजू नये’चा शिक्का तसाच राहतो. मूटूल्स पुढे यादीचे सगळे गुण मोजून आपल्या दुसऱ्या एका साच्यात उतरवत असे. त्या मोजणीत आता ‘फ्लॅटन’ येईना. उतरवायचा राहिला, आणि त्यावर विसंबलेले पान कोसळले.

प्रस्ताव मांडणाऱ्या सदस्याने थट्टेत नवे नाव सुचवले, ‘स्मूश’, म्हणजे चेंगरणे. लोकांनी ते खरे मानले आणि मोठा वाद माजला. मूटूल्स आता कोण वापरतो, चार पाने मोडली तर मोडू द्या, असे म्हणणारेही बरेच होते. माझ्या मते समितीने इथे योग्य तेच केले. मोडणारी पाने कोणाची होती? ज्यांनी दहा वर्षांपूर्वी विश्वासाने एक तयार संग्रह आपल्या पानाला जोडला आणि जे या वादाच्या जवळपासही नव्हते, अशांची. प्राणिशास्त्रात याचे एक छान पूर्वोदाहरण आहे. ऑस्ट्रेलियातल्या बदकचोच्या प्राण्याला १७९९ साली ‘प्लॅटिपस’ हे प्रजातीनाम दिले गेले, पण ते १७९३ मध्येच एका भुंगेऱ्याला दिलेले होते. प्राणी कितीही अद्भुत असला तरी शास्त्रीय नाव त्यालाच बदलावे लागले. तो ‘ऑर्निथोऱ्हिंकस’ झाला आणि भुंगेरा प्लॅटिपसच राहिला.

मे २०१८ मध्ये समितीने ‘फ्लॅट’ हे नाव ठरवले, आणि २०१९ च्या प्रमाणात ते आले. याआधी २०१४ मध्येही याच मूटूल्समुळे ‘कंटेन्स’ हे नाव सोडून ‘इन्क्लूड्स’ घ्यावे लागले होते. पुढे याद्यांचे गट पाडण्याचा गुण आणताना समितीने आधी ‘ग्रुपबाय’ हे नाव घेतले. ते एका जुन्या आज्ञासंग्रहाशी भिडले. मग ‘ग्रुप’ घेतले. तेही जुन्या पानांना खपेना. शेवटी समितीने यादीच्या साच्याचा नादच सोडला. २०२४ च्या प्रमाणात हे फंक्शन ‘ऑब्जेक्ट’ या वेगळ्या नावाखाली, जिथे त्या नावाची खुंटी कोणी घेतलेली नव्हती तिथे, टांगलेले आहे.